लिव्हर त्यांचं, वही तुमची

सिरोसिस पुढच्या टप्प्याला गेला आणि पोटात पाणी भरायला लागलं, की डॉक्टर कधीतरी सांगतात, ‘ट्रान्सप्लांटचा विचार करून ठेवा.’ घरी पोचेपर्यंत फोन सुरू झालेले असतात. कुणाच्या दिराचं चेन्नईला झालेलं ऑपरेशन, मावशीचा काढा, ग्रुपवर आलेला व्हिडिओ. त्या गोंधळात फ्रिजवर लावायला ही यादी. नवरा आजारी असो की बायको, दोघांनाही लागू. डॉक्टर पेशंटला महिन्यातून दहा मिनिटं बघतात, तुम्ही चोवीस तास बघता. तेव्हा तुमची पहिली मदत म्हणजे नीट बघणं आणि लिहून ठेवणं. बाकीची सेवा त्यानंतर.

वही

करावं: दोनशे पानी साधी वही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन. त्यापुढे आदल्या दिवशी शौचाला किती वेळा झाली, ताप, पायावरची सूज, रात्रीची झोप. आठवड्यात दोन किलो वाढले तर ‘चला, अंगी लागलं’ म्हणू नका. ते पाणी आहे, फोन करा. पोट वाढत असताना दंड आणि मांड्या झिजत असतात आणि काट्याला हा फरक कळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत टेपने पोटाचा घेरही घ्या.

करावं: रोज त्याच पानावर पेशंटची सही घ्या. लिव्हरने गाळायची विषारी द्रव्यं, विशेषतः आतड्यात तयार होणारा अमोनिया, रक्तातून मेंदूपर्यंत पोचली की आधी बारीकसारीक गोष्टी बिघडतात आणि अक्षर त्यांपैकी एक. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बँकेत कॅशियर होते, सही ठसठशीत. एका मंगळवारी वहीत आडनावाची शिरोरेघ तिरकी गेली. बुधवारी आडनाव अर्ध्यातच थांबलं. बोलणं ठीक होतं, जेवण ठीक होतं, आदल्या रात्रीच्या मॅचचा स्कोअरही त्यांनी बिनचूक सांगितला. बायकोने दोन्ही सह्यांचा फोटो डॉक्टरांना पाठवला. कारण अगदी साधं निघालं: चार दिवस पोट साफ झालं नव्हतं आणि ते सांगायला त्यांना संकोच वाटत होता.

करावं: आणखी काही खुणा लक्षात ठेवा. दिवसा पेंग आणि रात्री टक्क जागं. शर्टाची बटणं चुकणं. ओळखीच्या नावांवर अडखळणं. शंका आली तर दोन्ही हात समोर ताठ करून पंजे मागे वळवून धरायला सांगा. पंजे सारखे खाली पडून पुन्हा वर येत असतील तर संध्याकाळपर्यंत थांबू नका.

टाळावं: ‘तुम्ही मुद्दाम करताय’ हे वाक्य. टीव्हीच्या रिमोटवरून आकांडतांडव करणारा माणूस पूर्वीही तसाच होता की हे आजाराचं आहे, ते त्या क्षणी ठरवता येत नाही. वाद सोडा, पोट साफ झालंय का ते विचारा.

टाळावं: अशी लक्षणं एकदाही दिसली असतील तर गाडी-स्कूटरची किल्ली त्यांच्या हाती देणं. यावर भांडण होईल. होऊ द्या.

पोट साफ राहावं म्हणून देतात त्या लॅक्टुलोजच्या सिरपबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ते गोडमिट्ट असतं, गॅस होतो, सारखं जावं लागतं. म्हणून लग्नाला जायचं असलं की पेशंट ते गुपचूप बंद करतात आणि दोन दिवसांनी ॲडमिट होतात. हिशेब मिलीचा नसतो, दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौच व्हायला हवी. कमी होत असेल तर डोस वाढवायचा, सात-आठ वेळा होत असेल तर कमी करायचा, कारण अंगातलं पाणी गेलं की तोच गोंधळ पुन्हा सुरू होतो. वाढवायचा-घटवायचा अंदाज डॉक्टरांकडून एकदा लिहूनच घ्या.

रात्रीबेरात्री

करावं: रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, ताप, पोटात दुखणं, लघवी अगदी कमी होणं, हाक मारून जाग न येणं. यांतलं काहीही झालं तर हॉस्पिटल गाठा, १०८ लावा. पोटात पाणी असताना आलेला ताप हा साधा व्हायरल धरायचा नसतो. त्या पाण्यातच जंतुसंसर्ग होतो आणि तो तासागणिक वाढतो. उलटीत रक्त असेल तर कुशीवर झोपवा, तोंडाने काही देऊ नका.

टाळावं: ‘सकाळी बघू’. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, खरं आहे. पण रात्री दोन वाजता तो निवाडा तुम्ही घरी करायचा नाही.

करावं: एक पिशवी भरून दाराशी ठेवा. शेवटचे रिपोर्ट, औषधांची यादी, रक्तगट, आधार, विम्याचं कार्ड, चार्जर.

ताट

नातेवाइकांची ढवळाढवळ सर्वांत जास्त इथे होते, आणि चुकाही इथेच.

काविळीचं आपल्याकडचं पारंपरिक पथ्य म्हणजे तेल-तूप बंद, हळद बंद, डाळ बंद, मऊ भात आणि उसाचा रस. सिरोसिसच्या पेशंटला या पथ्यावर ठेवलं तर तो आजाराने खंगतोच आणि उपासमारीनेही खंगतो. लिव्हर साखरेचा साठा करू शकत नाही, म्हणून थोडा वेळ पोट रिकामं राहिलं तरी शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. निरोगी माणसाने दोन-तीन दिवस उपाशी राहावं तेवढी झीज यांच्या एका रात्रीत होते. ट्रान्सप्लांट झालं तर त्या ऑपरेशनमधून उठून उभं राहायला हेच स्नायू लागणार आहेत.

करावं: दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि झोपण्यापूर्वी नक्की काहीतरी: दूध-पोळी, शेंगदाण्याचा लाडू, वाटीभर खीर, मधुमेह असेल तर मुगाचं धिरडं. सकाळी उठल्यावर तासाभरात न्याहारी.

करावं: प्रथिनं भरपूर. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. हा आकडा वरणाच्या एका वाटीने गाठला जात नाही. दूध, दही, पनीर, अंडी, मोडाची उसळ, डाळींची धिरडी, सोयाबीन, खाणाऱ्यांना ताजे मासे आणि चिकन. प्रथिनांनी डोक्यावर परिणाम होतो म्हणून ती बंद करण्याचा सल्ला जुना झाला. कुणी अजून तो देत असेल तर तुमच्या डॉक्टरांना समोरासमोर विचारा.

करावं: पोटात पाणी असेल तर मीठ मोजा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. सकाळीच तेवढं मीठ वेगळ्या डबीत काढून ठेवा आणि दिवसभर त्यांच्यापुरतं त्यातूनच वापरा. भाजी फोडणीला टाकली की मीठ घालण्याआधी त्यांचा वाटा बाजूला काढा. लिंबू, आमसूल, कोथिंबीर, जिरं, लसूण, मिरी यांनी चव पुष्कळ सावरते. तरी पहिले पंधरा दिवस ताट परत येईल. घरातल्या सगळ्यांनीच मीठ कमी केलं तर निदान एकट्याचं अळणी राहत नाही.

टाळावं: लोणचं, पापड, सांडगे, फरसाण, वेफर्स, खारे दाणे, सुकट आणि खारवलेले बोंबील, सॉस, इन्स्टंट नूडल्स, बेकरीचं. पापडखार हा सोडियमचाच क्षार आहे. ॲसिडिटीवर पाण्यात फसफसवून घ्यायच्या पुड्या आणि गोळ्या यांतही सोडियम भरपूर असतं, आणि ते कुणी मिठात धरत नाही.

टाळावं: ‘सैंधव चालतं ना?’ नाही. सैंधव, पादेलोण, समुद्री, सगळं मीठच. आणि बाजारात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. पाणी उतरवायला स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम आधीच वर जायला बघतं. त्यात या मिठाची भर पडली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

टाळावं: उपास. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. पेशंटला सोडवत नसेल तर तुम्ही त्यांच्या वाटचा करा. घरात सासूबाई असतील तर त्यांना देवासमोर तसं बोलायला लावा. माझ्या पाहण्यात डॉक्टरांच्या समजावण्यापेक्षा हा उपाय लवकर लागू पडला.

टाळावं: कच्चे किंवा अर्धवट शिजलेले शिंपले, कालवं. त्यांतले काही जंतू निरोगी माणसाला जुलाबावर सोडतात. सिरोसिसमध्ये ते रक्तात पसरून जीव घेऊ शकतात. तिसऱ्यांचं सुकं पूर्ण शिजवलेलं असेल तर हा धोका नाही, मीठ तेवढं बघा.

पाणी कमी प्यायचं की नाही, हे रक्तातलं सोडियम बघून डॉक्टर ठरवतात. तुम्ही स्वतःहून तांब्या काढून घेऊ नका.

औषधं

टाळावं: पाठ दुखते म्हणून घरातल्या डब्यातली गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामकांनी किडनी बसते आणि रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलची भीती जास्त, पण डॉक्टरांना विचारून घेतली तर तीच त्यातल्या त्यात बरी: साधारणपणे दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे पाचशेच्या चारपेक्षा जास्त नाहीत. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते यात धरायचं.

टाळावं: झोपेची गोळी. रात्रीची जाग हे अनेकदा अमोनियाचंच लक्षण असतं. त्यावर गुंगीचं औषध दिलं तर सकाळी माणूस उठवत नाही.

टाळावं: काविळीची माळ, नाकात देवडांगरीचे थेंब, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवणारे. आणि गुळवेल. ती ‘नैसर्गिक’ म्हणून कोविडमध्ये घरोघरी उकळली गेली. ती घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंद केली आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्धही झाली. काढा आणून देणाऱ्याशी वाद घालू नका. ‘डॉक्टरांना दाखवून सुरू करतो’ म्हणा, बाटली कपाटात ठेवा.

करावं: सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची रक्ततपासणी. सिरोसिसमध्ये लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका असतो आणि लहान असताना सापडला तर इलाज असतो. रक्तस्राव टाळायला अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना करतात त्या बँडिंगची पुढची तारीख, लसी, दातांची तपासणीही वहीच्या मागच्या पानावर. ट्रान्सप्लांटआधी दातांतला पू साफ करून घ्यावाच लागतो, तो शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आजाराचं मूळ हिपॅटायटिस बी असेल तर घरातल्या सगळ्यांनी तपासणी करून लस घ्यावी. हिपॅटायटिस सी असेल तर तो आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी जातो. त्या कधी सुरू करायच्या, ट्रान्सप्लांटआधी की नंतर, ते ट्रान्सप्लांट टीम ठरवते.

‘पीत होते का?’

भेटायला येणारा प्रत्येक जण हे विचारतो, तोंडाने नाही तर नजरेने. मधुमेह, लठ्ठपणा, फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस, शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने लिव्हरवर केलेला हल्ला, सिरोसिसची कारणं बरीच आहेत. कारण काहीही असो, पाहुण्याला उत्तर देणं लागत नाही.

कारण दारूच असेल तर:

करावं: व्यसनाचा इलाज लिव्हरच्या इलाजाबरोबरच सुरू करा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं आहे, एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा गावोगावी होतात, आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉनचे वेगळे गट आहेत. तिथे तुम्ही जा, ते आले नाहीत तरी. बरीच ट्रान्सप्लांट सेंटर्स सहा महिने दारू बंद असण्याचा आग्रह धरतात. हा आकडा सगळीकडे सारखा ताठर नसतो, पण मानसोपचारतज्ज्ञाची मुलाखत बहुतेक ठिकाणी होते.

टाळावं: मध्ये एकदा घेतली तर ती डॉक्टरांपासून लपवणं. रक्ता-लघवीच्या तपासणीत ती दिसते आणि मग तुमच्या दोघांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही. घरातली आसवं आणि अरिष्टं आवरून ठेवा. आंबवून केलेली असल्यामुळे त्यांत अल्कोहोल असतं.

दाता कोण?

लिव्हर मिळायचे मार्ग दोन. ब्रेनडेड दात्याचं, किंवा जिवंत नातेवाइकाच्या लिव्हरचा भाग. आपल्या देशात बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट जिवंत दात्याकडूनच होतात, आणि दात्यांमध्ये बायका, आया, मुली जास्त असतात. म्हणून पेशंट नवरा असेल तर ओपीडीच्या बाहेर पडताच सगळ्यांच्या नजरा बायकोकडे वळतात. ‘सौभाग्याचा प्रश्न आहे’ असंही एखादी काकू म्हणून जाते.

करावं: मेल्ड स्कोअर किती, ते विचारा. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनीन आणि सोडियम यांवरून हा ६ ते ४० मधला आकडा काढतात. साधारण १५ च्या पुढे गेला की ट्रान्सप्लांटचं बोलणं गंभीरपणे सुरू होतं. आकडा कमी असूनही वारंवार पाणी किंवा रक्तस्राव होत असेल तर त्यासाठी वेगळा विचार करतात. हे बोलणं लवकर सुरू झालेलं बरं. अगदी आयसीयूत गेल्यावर दाता शोधणं म्हणजे कुणालातरी रात्रीतून ‘हो’ म्हणायला लावणं.

करावं: दात्याची बाजू दात्याने स्वतः, एकटीने किंवा एकट्याने, डॉक्टरांकडून समजून घ्यावी. उजवा भाग काढला तर लिव्हरचा साठ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा जातो. उरलेलं लिव्हर दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येतं. साधारण आठवडाभर हॉस्पिटल, त्यानंतर दोन-तीन महिने जड उचलायचं नाही. जिवाचा धोका हजारात एक ते पाच, कमी आहे, पण शून्य नाही. रक्तगट जुळावा लागतो, पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा फरक पडत नाही. दात्याला फॅटी लिव्हर निघालं तर काही महिने वजन उतरवायला सांगतात, म्हणून आज फिरायला लागलात तर ते वाया जाणार नाही.

करावं: ‘नाही’ म्हणायचं असेल तर दाता-समन्वयकाशी दार लावून बोला. दाता ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत माघार घेऊ शकतो, आणि चांगली टीम घरच्यांना एवढंच कळवते की हा दाता योग्य नाही. लहान मुलं असताना आई-बाबा दोघं एकाच दिवशी ऑपरेशन टेबलावर असावेत का, हा प्रश्न स्वार्थी नाही, तो टीमलाही विचारा.

टाळावं: मुलामुलींपैकी कोण, हे जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर काढणं. धाकट्याच्या बायकोच्या चेहऱ्याकडे बघून कुणी ‘हो’ म्हणू नये.

टाळावं: पैसे देऊन दाता आणणारा एजंट. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनंतर यासाठी पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाख ते एक कोटीपर्यंत दंड आहे. घरात रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी जवळच्या दात्यांची अदलाबदल करणं मात्र कायद्याला मान्य आहे.

करावं: ब्रेनडेड दात्याच्या यादीत नाव हॉस्पिटलमार्फत लागतं. महाराष्ट्रात हे काम मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या, म्हणजे झेडटीसीसी, बघतात. लिव्हर काढल्यावर फार तास टिकत नाही. फोन पहाटे तीनला येऊ शकतो. तेव्हा अनोळखी नंबर उचला, आणि त्या रात्री गाडी कोण चालवणार ते आजच ठरवा.

कागद आणि पैसा

करावं: लग्नाची नोंदणी. नवरा-बायकोतलं दान असेल तर लग्नाचा दाखला, फोटो, एकत्र राहण्याचे पुरावे मागतात. वीस वर्षं संसार झालेल्या कित्येक जोडप्यांकडे दाखला नसतो आणि नेमक्या त्या आठवड्यात नगरपालिकेच्या चकरा सुरू होतात. आधारवरची नावंही जुळवून घ्या.

करावं: डोकं साफ असताना बँकेचं जॉइंट खातं, नॉमिनी, विम्याची कागदपत्रं, मोबाइलचे पासवर्ड. गोंधळाच्या काळात घेतलेली सही पुढे वादात अडकते.

करावं: खासगी हॉस्पिटलात खर्च वीस लाखांच्या पुढे जाऊ शकतो, त्यात नंतरची औषधं धरलेली नसतात. विम्यात दात्याचा खर्च येतो का, ते पॉलिसीत वाचा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. ट्रान्सप्लांटचा सगळा खर्च त्यात बसेल असं धरून चालू नका, पण तपासण्या आणि ॲडमिशन बसू शकतात. मेडिकल सोशल वर्करला भेटा, मुख्यमंत्री सहायता निधी आणि देवस्थानांच्या ट्रस्टचे अर्जही तिथेच कळतात.

टाळावं: दागिने आणि जमीन पहिल्याच आठवड्यात विकणं.

तुम्ही

करावं: आठवड्यातला एक अर्धा दिवस दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. नणंद ‘काही लागलं तर सांगा’ म्हणते ना? तिला काम सांगा: गुरुवारी दुपारी दोन ते सात, औषधं या डब्यात, संध्याकाळचं सिरप सहाला.

करावं: शरीराबद्दल दोघांनी बोलावं. सिरोसिसमध्ये इच्छा मंदावते, पुरुषांची छाती वाढू शकते, त्यांना लाज वाटते आणि ते दूर सरकतात. तो तुम्हाला दिलेला नकार नसतो. शेजारी झोपायला काहीच मनाई नाही.

टाळावं: पाहुण्यांसमोर ‘एकदम बरे आहेत’ म्हणणं. संसर्ग होऊ नये म्हणून गर्दी नको, हे दारातच सांगता येतं.

ट्रान्सप्लांट शक्य नाही, असंही उत्तर येऊ शकतं: हृदय साथ देत नाही, कॅन्सर पसरलाय, किंवा पेशंटलाच नकोय. तेव्हा पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांचं नाव मागा. पोटातलं पाणी काढणं, खाज, दुखणं, झोप, या सगळ्याचा इलाज चालू राहतो. ट्रान्सप्लांटच्या यादीत असतानाही तो घेता येतो.

ऑपरेशन झाल्यावर

करावं: शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमसच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर, बारा-बारा तासांनी, आणि जन्मभर. औषधाची पातळी तपासायची असेल त्या सकाळी गोळी आधी द्यायची नाही. रक्त देऊन झालं की लॅबच्या दारातच द्यायची, म्हणून ती पाकिटात बरोबर ठेवा. प्रवासात दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या.

टाळावं: पपनस. गणपतीत कोकणातून आलं तरी त्यांना फोड नाही. त्याने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. ग्रेपफ्रूटचंही तेच. मोसंबी-संत्र्याबद्दल तुमच्या टीमला एकदा विचारून घ्या, आणि उत्तर वहीत लिहा.